पंधरावी काठी

१

टेस व्हँडरस्लूटनं आपला गुन्हा स्वतःच जाऊन सांगितला, तिथंच आमचा घात झाला.

पाचव्या होलवर पाऊस थांबला म्हणून तिनं बॅगेवरचं पावसाळी झाकण काढलं आणि आत एक काठी जास्त निघाली. गोल्फमध्ये एका बॅगेत चौदा काठ्या चालतात. पंधरावी सापडली की दंड. दुसरी कुणी असती तर आजूबाजूला बघून ती झुडपात भिरकावून मोकळी झाली असती. आमची ही सत्याची पुतळी धावत पंचाकडे गेली. चार फटक्यांचा दंड पडला, आणि या खेळात ज्याचे फटके कमी तो जिंकतो. दुपारी सगळ्यांच्या फटक्यांची बेरीज झाली तेव्हा आम्ही तीन फटक्यांनी हरलो होतो.

मी लव्हॉन पीटरसन, सगळ्यांची व्हॉन. आयोवातल्या ग्रीनलीफ कॉलेजात जीवशास्त्र शिकवत होते आणि मुलींच्या गोल्फ संघाची कोच होते. कोच कशी झाले? तर मोठी व्हॅन चालवायचा परवाना असलेली मास्तरीण अख्ख्या कॉलेजात मी एकटीच होते म्हणून.

त्या वर्षी ऑक्टोबरात विश्वस्तांनी कळवलं की मुलींचं गोल्फ परवडत नाही, वसंतानंतर संघ बंद. मग आम्ही भीक मागितली. त्याला दुसरा शब्द नाही. रविवारी चर्चच्या तळघरात पॅनकेक भाजले, बागेत पसरायच्या भुशाची पोती दारोदार पोचवली, घरी भाजलेल्या, फळं भरलेल्या गोड पायचे लिलाव लावले. नोव्हेंबरच्या मेजवानीत ट्रॅक्टरवाले ड्वेन हुकस्ट्रा उभे राहिले आणि माईक हातात घेऊन म्हणाले, "पोरींनो, यंदा विभागाचं अजिंक्यपद आणा. पुढची दहा वर्षं तुमचा सगळा खर्च माझ्यावर!" त्या रात्री मी घरी जाऊन एकटीच नाचले.

ड्वेन नुसते बोलून थांबले नाहीत. बर्फ पडला तेव्हा दुकानामागचं गोदाम त्यांनी आम्हाला सरावाला दिलं. जानेवारीत तिथं यंत्रांची इतकी दाटी होती की ऑब्रीनं पहिल्याच दिवशी एका कोऱ्या ट्रॅक्टरचा दिवा फोडला. मार्चपर्यंत चांगली ऐसपैस जागा झाली आणि पोरींना मोकळे हात फिरवता येऊ लागले. पुढच्या प्रत्येक स्पर्धेला ड्वेन आपला ट्रक घेऊन हजर. खेळातलं त्यांना ओ की ठो कळायचं नाही. चेंडू हवेत गेला की टाळी, पाण्यात गेला तरी टाळी.

तर अजिंक्यपद म्हणजे संघ जगणार, नाहीतर नाही. आणि आम्ही तीन फटक्यांनी हरलो होतो.

गुण लिहायच्या तंबूमागं टेस एका उलट्या बादलीवर बसली होती. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"कोच, संघ मी मारला," ती म्हणाली.

"काहीतरी बडबडू नकोस."

"मी मोजल्या होत्या हो सकाळी. चौदाच होत्या. पण पाऊस होता, बोटं गारठली होती... चुकले असेन. पुढच्या वर्षी नवीन मुली येतील आणि इथं गोल्फ नाही असं त्यांना कळेल, ते माझ्यामुळे."

ती रडत नव्हती. रडली असती तर मला धीर तरी देता आला असता. एकोणीस वर्षांच्या पोरीच्या तोंडावर इतकी शांतता मी कधी बघितली नव्हती.

तेवढ्यात मागून अर्मा कुबिचेक आली. स्पर्धेची मुख्य पंच. तिच्या हातात तीच काठी होती.

"व्हॉन," ती म्हणाली, "ही बॅगेत कधी आली?"

"कुणी टाकली असं विचार ना!"

"कुणी, ते मागाहून बघू. आधी मला कधी ते सांग. कारण त्यावर अजून सगळं फिरू शकतं."

२

अर्मानं सगळी हयात गारपिटीच्या विम्यात घालवली होती. गारा पडल्या की शेतकरी म्हणणार पीक गेलं आणि विमा कंपनी म्हणणार पीक मुळात नव्हतंच. मग ही बाई मक्यात शिरून पानं उलटून बघायची आणि खरं काय ते सांगायची. दोन्ही बाजू तिला शिव्या द्यायच्या, म्हणजे ती बरोबर असणार.

"नियम ऐक," ती म्हणाली. "खेळ सुरू व्हायच्या आधी काठी बॅगेत आली असेल तर दंड. मग ती कुणी का टाकेना, अगदी सैतानानं का टाकेना. मोजायचं काम खेळाडूचं. पण सुरुवात चौदांनी झाली, आणि नंतर दुसऱ्या कुणी चुकून बॅगेत काठी टाकली, आणि ती वापरली नाही, तर दंड नाही."

"मग चार फटके परत!"

"तीननं हरलात, एकनं जिंकाल. पण जेवणानंतर करंडक दिला की स्पर्धा संपली. मग देव खाली उतरला तरी निकाल हलत नाही."

क्लबच्या स्वयंपाकघरातून हॅमच्या गोळ्यांचा वास यायला लागला होता. जेवणाची तयारी चालली होती.

काठी होती ऑब्रीची. ती ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतालच्या बारीक कापलेल्या हिरवळीच्या, कडेवरून चेंडू उचलून टाकायची आखूड काठी, म्हणजे वेज. आमच्या सगळ्या पोरींच्या वेज सारख्याच, मूठ कॉलेजच्या लाल रंगाची. ऑब्रीनं आपल्या मुठीवर नखपॉलिशचा ठिपका दिला होता म्हणून ओळख पटली. दांड्यावर मधोमध एक आडवा पांढरा डाग होता.

"पक्षी शिटलाय," मी म्हणाले.

अर्मानं नखानं खरवडून वास घेतला. "रंग आहे."

ऑब्री जेवणाच्या दालनात सापडली. तिच्यासमोर दोन बशा होत्या, एकीत रुबार्ब पाय आणि दुसरीत चेरी पाय. तिला कधी एक काही निवडता आलेलं मी बघितलं नाही. पण त्या दिवशी दोन्ही बशा तशाच भरलेल्या होत्या.

"तू टेसच्या पुढच्याच गटात खेळत होतीस ना?" अर्मानं विचारलं. "वेज कुठं वापरलीस?"

"कुठंच नाही. पहिल्या पाच होलांवर वेजनं एकसुद्धा फटका मारला नाही मी, शप्पथ. सहाव्यावर लागली, बघते तर नाही. मला वाटलं व्हॅनमध्ये राहिली."

"म्हणजे सकाळीच दुसऱ्या बॅगेत गेली म्हणतेस?"

ऑब्रीनं मान खाली घातली. मग हळूच म्हणाली, "व्हॅनमध्ये बॅगा केनानं ठेवल्या. आणि टेसनं केनाची जागा घेतलीय, हे तर सगळ्यांना माहीत आहे."

३

केना आमची सहावी. विभागाच्या स्पर्धेत पाचजणीच खेळतात आणि पाचव्या जागेसाठीच्या चाचणीत टेसनं तिला एका फटक्यानं मागं टाकलं होतं. म्हणून केना त्या दिवशी सँडविच वाटत आणि छत्र्या धरत फिरत होती. आम्ही तिला गाठलं तेव्हा ती व्हॅनच्या पायरीवर बसून बूट घासत होती.

"या, या," ती म्हणाली. "वाटच बघत होते. बेड्या आणल्यात का?"

"केना, नीट बोल," मी दटावलं.

"नीटच बोलते, कोच. मला टेसचा राग आहे. तिचा चेंडू तळ्यात जावा म्हणून मी देवाला सांगितलंय, एकदा नाही, रोज. पण संघच राहिला नाही तर मी पुढच्या वर्षी तिला हरवणार कुठं? डोंबलात?"

अर्माला हसू आलं, पण तिनं ते दाबलं. "सकाळी बॅगा तू उतरवल्यास?"

"हो. इथंच, जमिनीवर आडव्या ठेवल्या. पावसात दोन काठ्या घरंगळल्या, त्या मी परत खोचल्या."

"कुठल्या बॅगेत?"

"ज्या बॅगेतून पडल्या त्याच. असं मला वाटतं. सगळ्या लालच मुठी, मिसेस कुबिचेक. पावसात काय दिसतंय?"

मग मला तिचे बूट दिसले. उजव्या बुटाच्या कडेला पांढरा पट्टा होता.

"हे काय लागलंय?" मी विचारलं.

"गाड्या लावायच्या जागेचे पट्टे. कालच रंगवलेत म्हणे, ओल्यात वाळले नाहीत. तेच तर घासतेय कधीची."

बॅगा जमिनीवर, काठ्या घरंगळलेल्या, पट्टे ओले आणि वेजवर पांढरा डाग. म्हणजे सगळं सकाळीच झालं होतं, पहिला फटका मारायच्या आधी. केनाचा हेतू असो वा नसो, दंड कायम होता.

परत येताना क्लबच्या दारात ब्रॅड लिंडक्विस्ट भेटला. जिंकलेल्या रिव्हर्टन संघाचा कोच. दोन्ही हात खिशात घालून तो आनंदानं टाचांवर डुलत होता.

"काय अर्मा, अजून तपास चाललाय? हरलेल्यांनी रडावं, पंचांनी कशाला?"

"सकाळी सरावाच्या वेळी तू यांच्या बॅगांपाशी उभा होतास, ब्रॅड."

"छत्री धरली मी! माणुसकी म्हणून! व्हॉनच्या पोरी भिजत होत्या." त्याचं डुलणं थांबलं. "हे बघ, जिंकलो की मला माज येतो हे मला माहीत आहे. बायकोही सांगते. पण दुसऱ्याच्या बॅगेला हात? तो मी कधी लावला नाही."

मी अर्माकडे बघितलं. ती त्याच्याकडे बघतच नव्हती. काठी उजेडात धरून ती डोळे बारीक करत होती.

"व्हॉन," ती म्हणाली, "चष्मा दे तुझा."

४

माझा वाचायचा चष्मा दांड्यावर धरून तिनं तो डाग बघितला आणि मग मला दाखवला. रंगात काहीतरी चिकटलेलं होतं. मी जीवशास्त्राची बाई, ते काय आहे हे मला तरी कुणी सांगायला नको होतं. गवताची पाती होती ती, अगदी बारीक आणि एकसारखी कापलेली.

"गाड्यांच्या जागेत डांबर आहे," अर्मा म्हणाली. "तिथं हे गवत कुठून आलं?"

"बुटांना लागून आलं असेल."

"बुटांना लागून येतं ते लांब गवत. एवढं बारीक गवत फक्त ग्रीनला लागून असतं. आणि आज अख्ख्या मैदानावर गवतावर पांढरा पट्टा एकाच ठिकाणी आहे. मीच मारून घेतला सकाळी. चल, बस गाडीत."

मैदानावरच्या छोट्या गाडीतून आम्ही सुटलो. वाटेत तिनं ऑब्रीला अक्षरशः ताटावरून उचललं. चौथ्या ग्रीनच्या मागं बिजू नावाच्या जनावरानं जमीन उकरून ठेवली होती. अशा जागेतून चेंडू फुकट उचलता येतो, म्हणून पंच तिच्याभोवती रंगाचा पट्टा मारतात. अर्मा गुडघ्यांवर बसली. या वयात ती इतक्या झटकन बसेल असं मला वाटलं नव्हतं. पट्टा एका जागी तुटला होता. दांड्याच्या जाडीइतकी फट होती आणि तिच्या दोन्ही कडांना रंग ओढला गेला होता. तिनं वेज तिथं आडवी ठेवली. ती बरोबर बसली.

"ऑब्री, तुझा चेंडू इथं होता ना?"

"हो, कडेला. पण मी वेजनं मारलाच नाही! पुट केला, नुसता ढकलला."

"मारला नाहीस. पण तू बॅगेकडून इकडे येताना हातात काय होतं?"

ऑब्रीनं आपल्या रिकाम्या हातांकडे बघितलं. मलाही तेव्हाच कळलं. ग्रीनच्या कडेला आलं की ही पोरगी वेज आणि चेंडू हळूच ढकलायची पटर, दोन्ही घेऊन जाते, तिथं उभी राहून विचार करते, एक निवडते आणि दुसरी गवतावर ठेवते. गोल्फ खेळणारा प्रत्येकजण कधी ना कधी ती दुसरी काठी तिथंच विसरून येतो. फटका मारलेला नसतो, त्यामुळे ती काठी बाहेर काढली होती हेसुद्धा डोक्यात राहत नाही.

"दोन्ही नेल्या होत्या मी," ती पुटपुटली. "अरे देवा. मी केनाचं नाव घेतलं."

"ते तू केनाशी मिटव."

मी मात्र हर्षानं वेडी झाले होते. चौथ्या ग्रीनपर्यंत काठी ऑब्रीकडेच होती. म्हणजे टेसनं मोजल्या त्या बरोबर मोजल्या, चौदाच होत्या! मी अर्माला मिठी मारायला गेले, तर तिनं मला हातानं थांबवलं.

"अजून नाही. टेसचा गट मागून आला. पडलेली काठी टेसनं स्वतः उचलून बॅगेत टाकली असेल, सहाव्यावर ऑब्रीला देईन म्हणून, तर ती तिनं स्वतः घेतलेली काठी. मग दंड राहतो."

"ती तसं लपवणार नाही."

"लपवणार नाही. विसरेल. तू आत्ताच बघितलंस ना, काय काय विसरतं माणूस ते?"

५

टेस अजून त्याच बादलीवर होती. अर्मा तिच्यासमोर उकिडवी बसली.

"मी काही उचललं नाही," टेस म्हणाली. "मी चौथ्यावर मागच्या बाजूला गेलेच नाही. माझा चेंडू पुढं होता."

"बरं. आता डोळे मीट आणि सांग. पाचव्यावर झाकण काढलंस. काठी तुला कशी दिसली?"

"मूठ दिसली."

"मूठ?"

"हो, लाल मूठ. सगळ्या काठ्यांची डोकी वर होती आणि त्यांच्यात ही एक मूठ. मला वाटलं, हे काय आता?"

अर्मा उठून उभी राहिली. तिनं माझ्याकडे बघितलं, पण तिच्या डोळ्यांत जिंकल्याचा आनंद नव्हता.

"व्हॉन, तू कधी काठी डोकं खाली करून बॅगेत ठेवशील?"

"छे! झोपेतसुद्धा नाही."

"केना ठेवेल? ब्रॅड? टेसच्या गटातली कुठली मुलगी?"

कुणीच ठेवणार नव्हतं. गोल्फ खेळणाऱ्याचा हात तसा वळतच नाही. मूठ खाली, चेंडू मारायचं डोकं वर, म्हणजे बघताच कुठली काठी ते कळतं. डोकं खाली करून ठेवणार तो ज्यानं आयुष्यात गोल्फ खेळलेलं नाही असा माणूस. दारामागं काठी किंवा छत्री उभी करून ठेवतात तसा.

"टेस," अर्मानं विचारलं, "तुझ्या गटाबरोबर कोण चालत होतं?"

"मिस्टर हुकस्ट्रा. पहिल्यापासून. मी पुट करायला गेले की ते माझ्या बॅगेवर छत्री धरायचे. म्हणाले, पोरीचं सामान भिजायला नको."

मला आधी बरंच वाटलं. ड्वेन! आपलाच माणूस! चुकून टाकली असणार, आत्ता येऊन सांगतील आणि सुटलो. मग दुसरा विचार आला. दंडाची बातमी दुपारपासून सगळ्या मैदानावर पसरली होती. ड्वेनच्याही कानावर गेली होती. त्यांनी स्वतः येऊन माझा हात दाबून "फार वाईट झालं" म्हटलं होतं.

मग ते गप्प का बसले?

६

ट्रकचं इंजिन चालू होतं. ड्वेन आत बसून काचेबाहेर बघत होते. अर्मानं दार उघडून वेज त्यांच्या शेजारी ठेवली.

"चौथ्या ग्रीनच्या मागं पडली होती," ती म्हणाली. "लाल मूठ बघितलीस, तुला वाटलं टेसची. उचलून झाकण सारून तिच्या बॅगेत ठेवलीस. चांगल्या मनानं ठेवलीस."

"मला नाही आठवत," ड्वेन म्हणाले.

"तुझ्या बापाच्या शेतात गारा पडल्या तेव्हापासून मी तुला ओळखते, ड्वेन. तुला खोटं बोलताना घाम येतो. आत्ता बाहेर थंडी आहे."

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"यांचं गोदाम," अर्मा मला म्हणाली. "जानेवारीत दिवा फुटण्याइतकी दाटी होती असं तूच सांगितलंस मला. मार्चमध्ये ऐसपैस झालं. पेरणीच्या तोंडावर ट्रॅक्टरच्या दुकानात माल भरतात, व्हॉन, रिकामं करत नाहीत. यंत्रं विकली गेली असती तर यानं गावभर सांगितलं असतं. ती परत गेली."

"कंपनीनं उचलून नेली," ड्वेन म्हणाले. "दुकान जातंय. पुढच्या महिन्यात कुलूप लागेल. नोव्हेंबरात मी बोललो तेव्हा खरंच होतं गं, व्हॉन. मनापासून बोललो होतो. मग एकेक करत सगळं गेलं. तोंड उघडायचा धीरच झाला नाही. म्हटलं, हरतील. या पोरी कधी जिंकल्यात? हरल्या तर मला सांगावंच लागणार नाही."

"आणि दंड पडला," अर्मा म्हणाली.

"देवाशपथ, मुद्दाम नाही केलं मी. दुपारी ऐकलं तेव्हा मी पंचांच्या तंबूपर्यंत आलो होतो. दारापर्यंत. आणि मग वाटलं... इथूनच परत फिरावं." ते माझ्याकडे वळले. "व्हॉन, ऐक माझं. आता जिंकलात काय, हरलात काय, संघ बंदच आहे. पैसा नाही. हरलात तर पोरी म्हणतील नशीब. जिंकलात तर मला उभं राहून सांगावं लागेल की सगळं वर्षभर तुम्ही एका पोकळ शब्दामागं धावलात. त्यांना कशाला ते दाखवायचं? आणि मला... या गावात राहायचंय मला."

"तू नाही म्हणालास तर मी काही करू शकत नाही," अर्मा म्हणाली. "रंगावरून वेळ कळते, माणूस कळत नाही. दंड राहील." मग तिनं माझ्याकडे बघितलं.

खरं सांगते, क्षणभर मला त्यांचं म्हणणं पटलं. मी स्वतःच किती थकले होते! पॅनकेक, पोती, पाय, पहाटेच्या व्हॅन, मोटेलात एका खोलीत कोंबलेल्या पोरी, आणि एवढं करून हाती काय तर भोपळा. तो भोपळा जिंकून घ्या की हरून घ्या, फरक काय? आणि ड्वेनसारखा माणूस भर दालनात उघडा पडणार.

पण मला ती बादली दिसत होती. त्या बादलीवरून ती पोरगी उठणार होती, कॉलेज संपवणार होती, लग्न करणार होती, म्हातारी होणार होती, आणि तिला सगळा वेळ वाटत राहणार होतं की तिला नीट मोजता आलं नाही म्हणून सगळं बुडालं.

"ड्वेन," मी म्हणाले, "तुमचं नाव जाईल. मला त्याचं फार वाईट वाटतंय. पण तिच्या डोक्यावर हे ओझं ठेवून मी तुम्हाला वाचवणार नाही. उतरा खाली."

ते हलले नाहीत. आतून घंटा वाजली. जेवण संपलं होतं, करंडक देण्यासाठी सगळ्यांना बोलावत होते.

"ड्वेन!"

त्यांनी इंजिन बंद केलं.

७

करंडकावर ब्रॅड लिंडक्विस्टचा हात होता तेव्हा अर्मा दालनात शिरली. तिनं नियम सांगितला, चौथ्या ग्रीनचा पट्टा सांगितला, मग ड्वेनना पुढं केलं. "काठी मी टाकली," ड्वेन म्हणाले. "पोरगी पुट करत होती. तिला माहीतही नव्हतं." अर्मानं दंड रद्द केला. ग्रीनलीफ एका फटक्यानं विजयी.

ब्रॅडनं करंडकावरून हात काढला. त्याचं तोंड कडू झालं होतं, पण तो सरळ चालत टेसकडे गेला आणि म्हणाला, "स्वतःहून सांगितलंस, पोरी. माझ्या मुलींना मी हे सांगीन." मग तो बाहेर निघून गेला आणि त्यानं कुठल्यातरी गाडीच्या चाकाला लाथ मारल्याचा आवाज आला.

आमच्या पोरींनी तर छप्पर डोक्यावर घेतलं. केना टेबलावर चढली. ऑब्री तिच्या पायाला धरून रडत माफी मागत होती आणि केना वरून ओरडत होती, "आधी सोड, पडेन मी, मूर्ख!" कुणीतरी म्हणालं, "दहा वर्षं!" मग सगळ्याच म्हणायला लागल्या. दहा वर्षं, दहा वर्षं, आणि टाळ्या.

ड्वेन अजून माईकपाशी उभे होते. मला वाटलं ते पळून जातील. मी दाराकडे जाऊन उभी राहिले, त्यांना अडवायला की वाट द्यायला, ते माझं मलाच माहीत नव्हतं.

"पोरींनो," ते म्हणाले, "माझ्याकडे पैसे नाहीत."

टाळ्या लगेच थांबल्या नाहीत. मागच्या टेबलांपर्यंत ते पोचायला वेळ लागला. दुकान जातंय, जानेवारीपासून मला माहीत होतं, मी तुम्हाला फसवलं, एवढंच ते बोलले. केना टेबलावरून खाली उतरली. ऑब्रीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आता पुढच्या महिन्यात राष्ट्रीय स्पर्धा, तिथलं भाडं विभाग भरतो म्हणून जाता येणार होतं, आणि त्यानंतर काहीच नाही. हे प्रत्येकीला एकदमच कळलं असणार.

टेस उठली आणि टेबलांमधून वाट काढत माझ्यापाशी आली. तिचा चेहरा मला ओळखू येईना.

"कोच," तिनं अगदी हळू विचारलं, "म्हणजे संघ माझ्यामुळे नाही ना गेला?"

"नाही गं बाळा."

"मी बरोबर मोजल्या होत्या?"

"बरोबर मोजल्या होत्यास."

आणि मग इतक्या वेळानं ती रडायला लागली. आजूबाजूला सगळ्यांच्या माना खाली गेलेल्या, आमचं सगळं बुडालेलं, आणि ही पोरगी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून सुटल्यासारखी हुंदके देत होती. मी तिला धरून तशीच उभी राहिले. आमच्या मागं अर्मा ड्वेनसाठी खुर्ची ओढत होती.